रंगावरची धूळ : मोटार धुण्याच्या रीतीचा इतिहास

मोटारीच्या रंगावर उन्हात उठून दिसणारे बारीक ओरखडे बहुतांशी रस्त्यावर पडत नाहीत; ते गाडी धुताना आणि पुसताना पडतात. हे विधान प्रथमदर्शनी विपरीत वाटले, तरी रंगाचा लेप कशाचा असतो आणि त्यावर बसणारी धूळ कशाची असते, हे पाहिले की त्याचा उलगडा होतो. रस्त्यावरील धुळीत वाळूचे, म्हणजे गारगोटीचे, सूक्ष्म कण असतात. खनिजांचे काठिण्य ठरवणाऱ्या मोस मापक्रमात गारगोटीचे स्थान सातवे असून तिने काचेवरही रेघ उमटते. दख्खनच्या पठारावरील काळ्या खडकाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, भुकटीत गारगोटी कमी असली, तरी तिच्यातील फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजे काठिण्यात सहाच्या आसपास असतात, आणि रंगाचा लेप हा तेल, राळ किंवा कृत्रिम बहुवारिक यांपासून, म्हणजे लांब रेणुसाखळ्यांच्या पदार्थापासून बनलेला असल्यामुळे या सर्वांहून कितीतरी मऊ असतो. असा कण लेपावर नुसता पडून राहिला तर फारसे बिघडत नाही. तो फडक्याखाली दाबला जाऊन ओढला गेला की लेपात चर पडते. गेल्या दीडशे वर्षांत वाहनाचा रंग अनेकदा मुळापासून बदलला आणि प्रत्येक रंगाचा रासायनिक शत्रू निराळा निघाला, परंतु हा यांत्रिक शत्रू कायम राहिला. त्याला कसे टाळावे याचे ज्ञान घोडागाड्यांच्या काळातच पक्के झाले होते. मोटारीच्या काळात ते हळूहळू मागे पडले आणि ते पुन्हा हस्तगत होईपर्यंत विसावे शतक सरत आले.

मोटारी रंगवण्याची पहिली रीत मोटारींसाठी निर्माण झालेली नव्हती. घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांची रीतच नव्या वाहनाने उचलली. उंची घोडागाडीच्या लाकडी अंगावर आधी शिसे आणि तेल यांचे अस्तर, मग छिद्रे बुजवणारे भरणाचे थर, त्यांवर प्युमिस नावाच्या सच्छिद्र ज्वालामुखी दगडाने पाणी घालून केलेली घासाई, त्यानंतर रंगाचे थर आणि शेवटी व्हार्निशचे अनेक हात अशी उतरंड असे. उत्तम कामात हे थर वीसच्या घरात जात आणि प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहावी लागत असल्यामुळे एका गाडीला कित्येक आठवडे लागत. व्हार्निश म्हणजे जवसाचे तेल तापवून त्यात कठीण राळ विरघळवलेले आणि टर्पेंटाइनने पातळ केलेले मिश्रण. या राळेत श्रेष्ठ समजला जाई तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा कोपाल, म्हणजे फार पूर्वी झाडांतून स्रवून जमिनीत गाडली गेलेली आणि तिथे कठीण झालेली राळ, जी खणून काढून झांझिबारच्या बाजारात आणली जाई. एकोणिसाव्या शतकात या मालाचा काही भाग थेट अमेरिकेतील सेलमसारख्या बंदरांकडे जाई, तर काही भाग अरबी समुद्र ओलांडून मुंबईला येई आणि तिथून युरोपकडे रवाना होई, त्यामुळे तिकडच्या व्यापारात तो मुंबईच्या नावानेही ओळखला जाई. लंडन-पॅरिसच्या बग्ग्यांवरील झळाळीत मुंबईच्या गोदीचा हा असा वाटा होता, आणि रंगाच्या इतिहासात त्याची नोंद सहसा घेतली जात नाही ही खेदाची गोष्ट आहे.

इतक्या कष्टाने चढवलेला आणि इतका महाग लेप जपण्यासाठी बग्गीखान्यात धुण्याचे एक काटेकोर शास्त्र तयार झाले आणि कोचमनसाठी लिहिलेल्या इंग्रजी हस्तपुस्तिकांमधून ते शब्दबद्धही झाले. त्यातील पहिला नियम असा, की चिखल गाडीवर वाळू द्यायचा नाही, कारण ओला चिखल पाण्याने निघून जातो, वाळलेला चिखल मात्र ओरबाडून काढावा लागतो आणि ताज्या व्हार्निशवर डागही ठेवतो. दुसरा नियम असा, की भरपूर थंड पाणी आधी वरून सोडून मातीला मऊ होऊ द्यायचे, माती पाण्यानेच वाहून जाऊ द्यायची आणि हात लावायचा तो त्यानंतर. स्पंज पाण्याने ओथंबलेला ठेवायचा आणि तो दाबून फिरवायचा नाही. तिसरा नियम असा, की गाडीच्या वरच्या अंगासाठी एक स्पंज आणि एक चामडे, तर चाके, आस आणि स्प्रिंगा यांसाठी दुसरा संच वेगळा ठेवायचा, कारण खालच्या भागातील वंगण आणि खडी वरच्या अंगाला लागली तर झालेले नुकसान भरून निघत नाही. धुणे सावलीत करायचे, पाण्याचे थेंब अंगावर वाळू द्यायचे नाहीत आणि शेवटी शॅमॉय चामड्याने पाणी टिपून घ्यायचे. हे चामडे मुळात आल्प्समधील शॅमॉय नावाच्या रानशेळीसदृश प्राण्याचे असे. पुढे मेंढीच्या कातड्याचा आतला थर माशाच्या तेलात कमावून तेच नाव देण्यात आले, आणि त्याचा उपयोग पाणी शोषण्याच्या त्याच्या विलक्षण शक्तीमुळे टिकून राहिला. आजच्या कोणत्याही जाणत्या कारागिराने मोटार धुण्याची रीत सांगितली, तर ती याहून तत्त्वतः वेगळी असणार नाही.

त्याच हस्तपुस्तिकांमध्ये आणखी दोन निषेध आढळतात, आणि त्यांच्यामागची रसायनशास्त्रीय कारणे त्या काळच्या कोचमनला ठाऊक नसली तरी अनुभवाने त्याला ती बरोबर उमगली होती. एक निषेध साबणाचा, दुसरा तबेल्याच्या हवेचा. जवसाच्या तेलाचा वाळलेला पापुद्रा म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत एस्टरांचे जाळे असते, आणि सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाने एस्टर तुटून त्याचा साबण बनतो. म्हणजे ज्या क्रियेने तेलापासून साबण तयार करतात तीच क्रिया कडक साबणाने धुतलेल्या व्हार्निशवर मंद गतीने घडत राहते, लेप मऊ पडतो, निस्तेज होतो आणि पुढे सुटू लागतो. घोड्यांच्या मूत्रातून उठणारा अमोनिया हाही अल्कधर्मी वायू असल्यामुळे गाडीची खोली आणि तबेला यांच्यामध्ये भिंत असावी, दार असले तर ते बंद ठेवावे, असा आग्रह धरला जाई. मालक मंडळी हा आग्रह शिष्टाचाराचा समजत असतील, पण प्रत्यक्षात तो रंगाच्या आयुष्याचा प्रश्न होता.

मुंबईत आणि संस्थानांच्या राजधान्यांत ही व्यवस्था तबेल्यातील माणसांच्या हाती होती. घोड्याला खरारा करणारा मोतद्दार आणि गाडी हाकणारा कोचमन यांच्यात कामाची वाटणी असली, तरी गाडी धुणे हे बहुधा मोतद्दाराकडे येई, आणि खरारा करताना केसांच्या दिशेने हात चालवण्याची, अंगाला लागलेली माती आधी सैल करून मग काढण्याची सवय असलेल्या हातांना गाडीचे अंग सांभाळणे परके नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात धनिकांच्या घरी मोटारी आल्या तेव्हा त्या तबेल्यांच्याच आवारात उभ्या राहिल्या, आणि त्यांचे अंगही व्हार्निशचेच असल्यामुळे त्यांची निगा राखण्याची रीतही सुरुवातीला तीच राहिली. दसऱ्याला घोड्यांना न्हाऊ घालून, शस्त्रांसह त्यांची पूजा करून झेंडूच्या माळा घालण्याची प्रथाही याच वाटेने मोटारीकडे आली. खंडेनवमीला किंवा दसऱ्याच्या सकाळी वाहन स्वच्छ धुऊन त्याला हळदकुंकू लावण्याचा महाराष्ट्रातील रिवाज हा अश्वपूजेचाच विस्तार आहे, आणि वर्षभर ज्या गाडीला नुसता फडका मारला जातो तिलाही त्या दिवशी भरपूर पाणी मिळते, हा त्या रिवाजाचा व्यावहारिक लाभ म्हणावा लागेल.

अमेरिकेत मात्र याच काळात व्हार्निशची जागा गिळंकृत करणारा बदल सुरू झाला होता. हेन्री फोर्डने १९०८ साली बाजारात आणलेली मॉडेल टी गाडी १९१३ नंतर सरकत्या जुळणी रांगेवर तयार होऊ लागली, आणि जी गाडी काही तासांत जुळून होते तिचा रंग आठवडेच्या आठवडे वाळत ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून डांबरासारख्या नैसर्गिक अस्फाल्टवर आधारलेले, भट्टीत तापवून कडक करता येणारे काळे इनॅमल वापरात आले आणि १९१४ पासून साधारण १९२५ पर्यंत ही गाडी काळ्या रंगातच विकली गेली. रंगीत गाड्यांची कोंडी फोडली ती ड्यू पॉन्ट कंपनीच्या ड्युको या लेपाने, जो १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर निळ्या छटेत अवतरला. ड्युको म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा लॅकर, म्हणजे कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून मिळवलेला पदार्थ द्रावकात विरघळवून तयार केलेला रंग. याच कुळातील पदार्थ पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी प्रचंड प्रमाणावर तयार झाले होते आणि शांततेच्या काळात त्या कारखान्यांना नवे काम हवे होते. तेलाचा रंग हवेतील प्राणवायूशी संयोग पावून सावकाश वाळतो, तर लॅकर केवळ द्रावक उडून गेल्याने वाळतो, आणि तो फवाऱ्याने मारता येतो. त्यामुळे आठवड्यांचे काम तासांवर आले.

लॅकरने वेळ वाचवला, पण त्याने गाडीच्या निगेची दिशाच बदलून टाकली, आणि या ठिकाणी या इतिहासातील मोठी चूक सुरू झाली असे म्हणणे वावगे ठरणार नाही. फवारलेला लॅकर वाळल्यावर त्याला पुरेशी चकाकी नसे. ती अपघर्षक लुकणाने, म्हणजे बारीक खरखरीत पूड मिसळलेल्या मलमाने, घासून आणावी लागे. उन्हात काही महिने उभ्या राहिलेल्या गाडीचा वरचा थर पुन्हा मलूल होऊन त्यावर खडूसारखी भुकटी सुटे, आणि ती भुकटी घासून काढली की खालचा ताजा रंग चमकू लागे. त्यामुळे गाडी चमकवायची म्हणजे ती घासायची, हा समज कारखान्यापासून घरापर्यंत रुजला. पॉलिशच्या फडक्यावर गाडीचाच रंग उतरत असे, पण त्याला मळ समजले जाई. शिकागोच्या सिमोनाइझसारख्या कंपन्यांनी आणि पुढे १९४० च्या दशकात बेंजामिन हर्श यांनी सुरू केलेल्या, टर्टल वॅक्स या नावाने गाजलेल्या उद्योगाने ही घासाई अमेरिकी कुटुंबाच्या रविवारचा भाग बनवली. घासल्यानंतर वर मेण चढवण्याचा उपदेश त्यांनी केला तो मात्र खरोखर हिताचा होता, कारण ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवृक्षाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण हे वनस्पतिजन्य मेणांतील सर्वांत कठीण मेणांपैकी असून सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. पाणी त्यावरून ओघळते, धूळ कमी चिकटते आणि पुढच्या वेळी फडक्याला कमी जोर लावावा लागतो.

धुण्याचे काम यंत्राकडे सोपवण्याची कल्पनाही अमेरिकेतच, डेट्रॉइटमध्ये, जन्मली. तिथे १९१४ साली मोटारींची धुलाई करणारा पहिला व्यवसाय निघाला, परंतु त्यात गाड्या माणसेच ढकलत आणि माणसेच साबण, पाणी व कोरडे करणे हे टप्पे एकामागून एक उरकत. यंत्र होते ते केवळ कामाच्या विभागणीत. सिएटलमध्ये १९५१ साली अँडरसन बंधूंनी माणसाचा हात न लागता चालणारी धुलाई सुरू केली, आणि जर्मनीतील आउग्सबुर्ग येथील गेबहार्ड वाइगेले व योहान सुल्झबर्गर यांना १९६२ साली गाडीभोवती आपोआप फिरणाऱ्या ब्रशांच्या यंत्राचे पेटंट मिळाले. या यंत्रांनी धुण्याचा वेळ मिनिटांवर आणला, पण बग्गीखान्यातील दुसरा आणि तिसरा नियम त्यांनी एकदमच मोडला. ब्रशाचे नायलॉनचे दाते आधीच्या गाडीची खडी घेऊन पुढच्या गाडीवर फिरत, आणि चाकांना लागलेला ब्रश दारांनाही लागे. पुढे नायलॉनच्या जागी कापडी पट्ट्या आणि मऊ फेसाळ प्लास्टिक आले, ब्रशाशिवाय केवळ पाण्याच्या जोरावर आणि रसायनावर चालणारी यंत्रेही आली, पण यंत्राच्या धुलाईविषयी गाडीप्रेमींच्या मनात बसलेली अढी पूर्णपणे गेली नाही, आणि ती निराधारही नव्हती.

भारतात मोटारीचा रंग आणि मुंबई यांचे नाते जुने आहे. गहागन पेंट्स या नावाने १९२० साली लोअर परळमध्ये सुरू झालेला कारखाना पुढे नेरोलॅक म्हणून ओळखला गेला आणि मोटारींच्या रंगांत देशात अग्रेसर ठरला. जपानी कन्साई कंपनीच्या भागीदारीनंतर त्याचा एक कारखाना रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे येथे चालतो. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली, तर वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने तीच गाडी बाहेर पडत राहिली. या काळात गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे, मिळालेली गाडी पंधरा-वीस वर्षे वापरली जाई आणि तिचा रंग एकदा तरी पुन्हा मारला जाई. डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात हे काम पत्रा सरळ करणे, पुट्टी भरणे, ओल्या पॉलिश पेपरने घासणे आणि नायट्रोसेल्युलोजचा किंवा सिंथेटिक इनॅमलचा रंग फवारणे, अशा क्रमाने होई, म्हणजे अमेरिकेत जुना झालेला लॅकर इथल्या गॅरेजांत पुढची अनेक दशके नांदला.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींनी या काळातील निगेची जी रीत रूढ केली, तिचे वर्णन सविस्तर केले पाहिजे, कारण देशातील असंख्य चालकांनी तीच उचलली. सकाळी धंद्याला निघण्यापूर्वी चालक डिकीतून फडका काढून तो बॉनेटवर झटकत असे, मग तोच फडका टपावरून, काचांवरून आणि दारांवरून कोरडाच फिरवत असे, आणि शेवटी त्याच फडक्याने चाकांच्या वाट्या पुसून तो पुन्हा डिकीत टाकत असे. म्हणजे दुसऱ्या दिवशी बॉनेटवर जो फडका येई त्याच्या घड्यांत आदल्या दिवशीच्या चाकाची खडी असे. डांबराचे ठिपके निघावेत म्हणून घासलेटात बुडवलेली चिंधी वापरली जाई, आणि तिने रंगावर काही काळ तेलकट चमक येत असली, तरी त्या तेलकटपणावर दुप्पट धूळ बसे आणि पुढचा कोरडा फडका अधिकच जाचक ठरे. तरीही या गाड्या निभावून गेल्या त्याचे कारण असे, की त्यांचा रंग एकसंध असे. वर पारदर्शक थर नव्हता, ओरखडे पडले तर पॉलिशने वरचा थोडा रंग उतरवून ते नाहीसे करता येत आणि खाली तोच रंग असे. अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची रस्त्यावरची मुदत ३० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली, पण फडका मारण्याची ती रीत मागे राहिली, आणि आज ती ज्या रंगावर वापरली जाते तो रंग पूर्णतः वेगळा आहे.

हा नवा रंग समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही. फोर्ड कंपनीत १९६० च्या दशकात विजेच्या साहाय्याने अस्तर चढवण्याची रीत विकसित झाली. गाडीचा संपूर्ण सांगाडा अस्तराच्या हौदात बुडवून विद्युतप्रवाह सोडला की अस्तराचे कण फटीफटीत जाऊन पत्र्यावर बसतात, आणि त्यामुळे गंजण्याचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर सुटला. त्यानंतर, विशेषतः १९८० च्या दशकात, रंगाचे काम दोन थरांत विभागले गेले. खालचा थर रंगद्रव्याचा आणि धातूच्या चमकीचा, पण स्वतः फिका आणि निस्तेज; वरचा थर क्लिअर कोट, म्हणजे रंगद्रव्यविरहित पारदर्शक लेप, जो चकाकी देतो आणि अतिनील किरण शोषणारी द्रव्ये पोटात बाळगून खालच्या रंगाचे उन्हापासून रक्षण करतो. अस्तरापासून क्लिअर कोटपर्यंतची एकूण जाडी बहुधा १०० ते १३० मायक्रॉन असते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा ४० ते ५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, म्हणजे गाडीचे सारे सौंदर्य आणि संरक्षण केसाहून पातळ अशा एका थरावर अवलंबून असते. प्रत्येक जोरकस पॉलिशमध्ये यातील एक ते काही मायक्रॉन कायमचे खर्ची पडतात. भारतात मारुतीच्या गाड्या १९८३ च्या अखेरीस रस्त्यावर आल्या, आणि पुढील दोन दशकांत पिंपरी-चाकण परिसरासह देशभरच्या नव्या कारखान्यांतून मेटॅलिक छटांच्या, क्लिअर कोट असलेल्या गाड्या सर्रास बाहेर पडू लागल्या.

क्लिअर कोटने जुने दोष घालवले, पण ओरखडा दिसण्याची रीत बदलली. एकसंध रंगावरची चर रंगीतच असे आणि त्यामुळे लपून जाई. पारदर्शक थरातील चर मात्र प्रकाश विखुरते आणि पांढरी दिसते. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर रात्री पथदिव्याखाली पाहिले, तर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की पुसणाऱ्याने फडका गोल फिरवला. प्रत्यक्षात ते ओरखडे सर्व दिशांना पडलेले असतात. त्यांतील जे प्रकाशकिरणाला आडवे येतात तेवढेच डोळ्यांकडे उजेड परतवतात, म्हणून प्रतिबिंबाभोवती वर्तुळाचा भास होतो, आणि डोके हलवले की वर्तुळही सरकते. फडका गोल न फिरवता सरळ रेषेत फिरवल्याने ओरखडे पडायचे थांबत नाहीत, हे यावरून उघड होईल. ते थांबतात ते फडका आणि रंग यांच्यामध्ये कण नसला तरच.

या थराचा रासायनिक शत्रूही बदलला. तेलाच्या व्हार्निशला अल्क मारक होता. ॲक्रिलिक आणि मेलामाइन यांच्या जोडणीतून बनलेल्या क्लिअर कोटला आम्ल मारक ठरले, कारण आम्लयुक्त ओलाव्यात, विशेषतः उन्हाने पत्रा तापल्यावर, त्यातील रेणूंचे दुवे तुटतात आणि थेंबाच्या आकाराचे खड्डे पडतात. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही तक्रार मोठ्या प्रमाणावर पुढे आली आणि फ्लोरिडातील जॅक्सनविल हे उष्ण, दमट, आम्लवर्षा होणारे शहर रंग कंपन्यांचे कसोटीचे ठिकाण बनले. पक्ष्यांची विष्ठा, झाडांचा चीक आणि किड्यांचे अवशेष हेही याच मार्गाने रंगात उतरतात, म्हणून ते दिसताच ओले फडके त्यावर काही मिनिटे ठेवून, मऊ झाल्यावर उचलून घ्यावे लागतात. वाळलेली विष्ठा नखाने किंवा कोरड्या फडक्याने खरवडली, तर तिच्यातील वाळूसारखे कण आम्लाने केलेले काम पूर्ण करतात. बोअरवेलच्या आणि टँकरच्या जड पाण्यात विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षारही, थेंब उन्हात वाळल्यावर, पांढऱ्या कड्यांच्या रूपाने रंगावर बसतात. सावलीत धुण्याचा आणि थेंब वाळू न देण्याचा कोचमनचा नियम इथे नव्या कारणाने लागू पडतो.

धुण्याच्या साधनांत खरी सुधारणा झाली ती मोटारीच्या जगाबाहेरून. जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये अतिसूक्ष्म कृत्रिम धागा तयार केला, त्यातून मायक्रोफायबरचे युग सुरू झाले. मायक्रोफायबर म्हणजे असा धागा, की ज्याच्या ९,००० मीटर लांबीचे वजन एक ग्रॅमहून कमी भरते. पॉलिएस्टर आणि पॉलिॲमाइड यांचा एकत्र काढलेला धागा उभा फाडून त्याचे अनेक पदर केले, की त्या पदरांच्या फटी पाणी आणि धूळ दोन्ही आत ओढून घेतात, आणि जो कण सुती फडक्याच्या पृष्ठभागावर राहून रंगाला घासला गेला असता तो लांब लवीच्या मायक्रोफायबरमध्ये रंगापासून दूर जातो. जर्मनीच्या अल्फ्रेड केर्चर यांच्या कंपनीने १९५० साली काढलेले उच्चदाबाचे धुलाई यंत्र मुळात कारखान्यांसाठी होते, पण त्याची लहान रूपे घरोघरी आणि सर्व्हिस सेंटरांत पोहोचल्यावर हात लावण्यापूर्वी माती घालवण्याचा जुना नियम पाळणे सोपे झाले. मात्र त्याचा झोत हातभर अंतरावरून सोडावा लागतो, कारण खडीने उडालेल्या टवक्याच्या कडेत तो घुसला तर रंग पापुद्र्याने निघतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिका, जपान आणि युरोप येथील व्यावसायिक कारागिरांत जी पद्धत मान्य झाली ती दोन बादल्यांची पद्धत म्हणून ओळखली जाते. एका बादलीत शॅम्पूचे पाणी, दुसरीत साधे पाणी आणि दोन्हींच्या तळाशी जाळी. गाडी आधी नुसत्या पाण्याने निथळवायची, जमल्यास फेस फवारून माती सैल करायची, मग लव असलेला हातमोजा शॅम्पूत बुडवून टपापासून सुरुवात करून खाली यायचे, आणि प्रत्येक पत्रा झाला की हातमोजा साध्या पाण्याच्या बादलीत जाळीवर घासून, त्यातील खडी तळाला सोडून, मगच पुन्हा शॅम्पूत घालायचा. दारांचा खालचा तिसरा हिस्सा आणि मागचा बंपर यांवर सर्वाधिक खडी असल्यामुळे ते शेवटी येतात, आणि चाकांचा हातमोजा व बादली निराळी असते. शॅम्पू उदासीन, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कही नाही असा, आणि पुरेसा निसरडा असावा लागतो, कारण साबणाचे काम इथे मळ विरघळवण्याइतकेच कणाला घसरू देण्याचेही असते. भांडी किंवा कपडे धुण्याची पावडर मळ काढते, पण गाडीवरचे मेणही उतरवते. हे सारे नवे शास्त्र म्हणून शिकवले जाते, आणि त्यातील चाकांचा वेगळा संच, वरून खाली येणारे पाणी, न दाबता फिरवलेला हात, सावली आणि टिपून घेतलेले थेंब यांपैकी एकही गोष्ट मोतद्दाराला नवी वाटली नसती.

रंग कंपन्यांनीही आपल्या परीने उत्तर शोधले. मर्सिडीज-बेंझने २००३ च्या अखेरीस सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण असलेला क्लिअर कोट वापरात आणला, तर निसानने २००५ साली लवचीक राळेचा, बारीक ओरखडे उष्णतेने काही काळात आपोआप भरून येणारा लेप जाहीर केला. दोन्ही लेप उपयुक्त आहेत, पण बारीक ओरखड्यापुरतेच. लेपाच्या आरपार गेलेली चर त्यांपैकी कोणीही बुजवत नाही.

मुंबई, ठाणे, पुणे येथील गृहनिर्माण संस्थांच्या आवारात पहाटे गाड्या पुसणाऱ्या माणसांच्या कामाचा विचार या पार्श्वभूमीवर व्हायला हवा. महिन्याच्या ठरावीक पैशांवर एका माणसाकडे अनेक गाड्या असतात, मालक कामावर निघण्यापूर्वी सगळ्या उरकायच्या असतात, आणि नळ बहुधा दूर किंवा बंद असल्यामुळे एका बादलीत एकामागून एक गाड्यांचा फडका पिळला जातो. चौथ्या-पाचव्या गाडीवर जे पाणी येते ते पाणी नसून पातळ चिखल असतो. याचा दोष त्या माणसाच्या निष्काळजीपणाकडे देणे अन्यायाचे आहे, कारण ज्या मोबदल्यात आणि ज्या वेळात हे काम त्याच्याकडून अपेक्षिले जाते, त्यात बग्गीखान्याचे नियम पाळणे कोणालाही शक्य नाही. तबेल्यातील मोतद्दाराकडे विहीर होती, सावली होती आणि एखाद-दुसरी गाडी होती. रोज कोरडी किंवा अर्धओली पुसण्याऐवजी गाडी आठवड्यातून एकदाच, पण भरपूर पाण्याने आणि तीन-चार स्वच्छ फडक्यांनी धुतली, तर त्याचे श्रम आणि मालकाचा रंग दोन्ही वाचतात. तेवढ्यासाठी पगार कमी करण्याचे मात्र कारण नाही.

पाण्याची टंचाई हा या प्रश्नाचा दुसरा पदर आहे. जर्मनीत अनेक ठिकाणी घरासमोर किंवा उघड्या मातीवर गाडी धुण्यास मनाई आहे, कारण तेल आणि रसायने मिसळलेले पाणी भूजलात जाते. तिथली धुलाई केंद्रे पाणी गाळून पुन्हा वापरतात. महाराष्ट्रात उन्हाळ्यात धरणांचे साठे खाली गेले की पिण्याच्या पाण्याने गाड्या धुऊ नयेत असे महापालिका बजावतात, आणि ते योग्यच आहे. अशा दिवसांत निसरडी बहुवारिके असलेले, पाण्याशिवाय वापरायचे फवारे उपयोगी पडतात. ते धुळीच्या कणाभोवती पातळ पापुद्रा करून त्याला फडक्यात उचलू देतात, फडक्याची घडी प्रत्येक पुसण्यानंतर पालटली तर रंगाला इजा होत नाही, आणि शहरात दोन-तीन दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या पातळ धुळीला ते पुरेसे ठरतात. जुलैमध्ये कोकणातून परतलेल्या, चाकांच्या कमानींत आणि दारांच्या तळाशी जांभ्याची तांबडी माती थापलेल्या गाडीला मात्र ते चालत नाहीत. तिच्यावर आधी पाणी सोडावे लागते, माती मऊ होईपर्यंत थांबावे लागते, पुन्हा पाणी सोडावे लागते, आणि कमानीतून गढूळ पाण्याऐवजी स्वच्छ पाणी गळू लागल्यावरच हातमोजा उचलावा लागतो.